बेस घेऊ की टॉप? आर्वी तालुक्यातल्या भावाच्या पत्राला उत्तर

पत्र असं आहे:

"दादा नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावचा, वय २८, गावातच कृषी केंद्र चालवतो, घरी कपाशी-सोयाबीन आहे. लहानपणापासून स्पोर्ट्स कारचं वेड, रात्री दुकान बंद केलं की मोबाईलवर पोर्शे आणि मस्टँगच पाहत बसतो. त्या काही आपल्या आवाक्यातल्या नाहीत, म्हणून जरा पळणारी, स्पोर्टी गाडी घ्यायचं ठरवलंय आणि ह्युंदाईची आय-ट्वेन्टी एन लाईन मनात बसली आहे. बजेट ओढूनताणून तेरा लाख, त्यातले निम्मे लोनचे. मित्र म्हणतात 'घ्याची तं टॉपच घे, बेस घेऊन गावात काय तोंड दाखवशीन'. व्हिडिओवाले फॉरेनर मात्र म्हणतात की स्वस्तातली पोर्शेच जास्त मजा देते, वरच्या मॉडेलला उगाच पैसे घालू नका. हे आपल्याकडे लागू होते का? का अजून थोडे टाकून फोक्सवॅगनची व्हर्टस पाहू? बाबा म्हणतात एवढ्या पैशात सगळ्या वावरात ठिबक होते. खरं सांगा, बेस घेऊ की टॉप?"

भाऊ, पहिले उत्तर देतो, मग कारणं सांगतो. बेस घे, म्हणजे एन लाईनचं सगळ्यात खालचं व्हेरिएंट, एन-सिक्स, आणि तीही मॅन्युअल गिअरवाली. मित्रांचं ऐकून टॉपवर जाऊ नको, आणि हे मी पैसे वाचव म्हणून सांगत नाही आहे, तुला गाडी चालवायचं वेड आहे म्हणून सांगतोय, कारण ज्या गोष्टीसाठी तुला ही गाडी पाहिजे ती गोष्ट बेसमध्ये पूर्ण मिळते.

आता ते फॉरेनवाले काय म्हणतात ते नीट समजून घे, नुसतं "स्वस्तातली चांगली" एवढंच पकडून बसलास तर पुढे फसशील. पोर्शेची ७१८ केमन घे. तिच्या बेसमध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०० पीएस (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), मॅन्युअल गिअरवर शून्य ते शंभर ५.१ सेकंदात. तिचीच वरची जीटीएस घेतली तर चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ४०० पीएस, आणि शून्य ते शंभर ४.५ सेकंद. अमेरिकेत २०२१ च्या आसपास बेस साठ हजार डॉलरची होती आणि जीटीएस नव्वद हजारांच्या जवळ, म्हणजे किंमत दीडपट आणि हातात आले सेकंदाचे सहा दशांश. पण इंजिन मधोमध ठेवलेलं, वजन पुढच्या-मागच्या चाकांवर नीट वाटलेलं, स्टिअरिंग हातात बोलतं, बसायची जागा खाली, हे सगळं दोघींमध्ये एकच. त्या गाडीची खरी करामत इंजिनाच्या ताकदीत नाहीच, ती त्या सांगाड्यात आहे, आणि सांगाडा बेसवाल्यालाही तोच मिळतो. म्हणून ते लोक तसं म्हणतात आणि बरोबर म्हणतात.

तरी एक गोष्ट त्यांच्या व्हिडिओत घाईघाईत निघून जाते. जीटीएसवाल्याने जास्तीचे पैसे दिले ते दुसऱ्या इंजिनासाठी दिले, टर्बो नसलेल्या सहा सिलिंडरच्या त्या आवाजासाठी, आणि तो आवाज बेसमध्ये कितीही पैसे टाकून नंतर बसवता येत नाही. ज्याला तो आवाजच पाहिजे त्याचा सौदा बरोबर आहे. जीटी-फोर आरएससारख्या अगदी वरच्या गाड्या कमीच बनल्या, तिचा भाव जुन्या बाजारातही टिकून राहतो, तोही हिशोब वेगळा. म्हणजे टॉप वाईट असं नाही, टॉपमध्ये वाढीव पैशाचं नक्की काय मिळते ते पाहायचं आणि मग ठरवायचं, आणि हेच आपल्याला तुझ्या गाडीला लावून पाहायचं आहे.

अजून एक उदाहरण देतो, मला स्वतःला हे फार आवडते. टोयोटाने सुबारूसोबत मिळून २०१२ ला जीटी-८६ काढली. तिचे चीफ इंजिनिअर तेत्सुया तादा. २०० पीएस, टर्बो नाही, मागच्या चाकांना ताकद, आणि टायर कोणते तर मिशेलिन प्रायमसी, २१५ रुंदीचे, जे काही प्रियसलाही येत होते, म्हणजे साध्या मायलेजवाल्या घरगुती गाडीचे. पैसे वाचवायला नाही लावले, मुद्दाम लावले. टायरची पकड थोडी कमी ठेवली की गाडी कमी स्पीडलाच वळणावर हलकी सरकते, चालवणाऱ्याला गाडी काय करतेय ते साठ-सत्तरच्या स्पीडला कळते, त्यासाठी दीडशे-दोनशेला जावं लागत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९८९ ला माझदाने एमएक्स-फाईव्ह आणली ती तर फक्त १.६ लिटरची, वजन एक टनाच्याही आत, आणि २०१६ पर्यंत त्या नावाच्या दहा लाख गाड्या बनल्या. हलकी, छोट्या इंजिनाची, रोजच्या स्पीडला मजा देणारी गाडी ही दुनियाभर लोकांनी पैसे मोजून घेतलेली गोष्ट आहे, त्यात "परवडत नाही म्हणून बेस" असा काही प्रकार नाही. हे तुझ्या मित्रांना सांग.

बाहेरून आयात होणाऱ्या स्पोर्ट्स कारला मात्र आपल्याकडे हा हिशोब तसाच्या तसा लागत नाही. महाग गाडी पूर्ण बनून बाहेरून आली तर ड्युटीच शंभर टक्क्यांच्या घरात जाते, मग बेसचा स्वस्तपणा उरतो कुठे. तुझी आवडती मस्टँगच पहा, २०१६ ला भारतात आली ती थेट पाच लिटर व्ही-एटच आली, बाहेर मिळते ती चार सिलिंडरची स्वस्तवाली आणलीच नाही. म्हणजे निवडच ठेवली नव्हती. तुझ्या बजेटमध्ये मात्र निवड आहे, तर तिचा फायदा घे.

आता तुझ्या गाडीवर येऊ.

साध्या आय-ट्वेन्टीत १.२ लिटरचं इंजिन येते, मॅन्युअलमध्ये ८३ पीएस. एन लाईनमध्ये एक लिटरचं टर्बो, १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर, म्हणजे खेचायचा जोर. सस्पेन्शन कडक केलेलं, स्टिअरिंग वजनदार, सायलेन्सरचा आवाज वेगळा, चारही चाकांना डिस्क ब्रेक. हा जो फरक आहे ना भाऊ, साध्यावरून एन लाईनवर यायचा, हाच खरा पैसे देण्यासारखा फरक आहे आणि तो तू एन-सिक्स घेतली तरी पूर्ण मिळतो. एन-सिक्सवरून एन-एटवर, म्हणजे टॉपवर गेला की इंजिन तेच, ताकद तीच, ब्रेक तेच, वाढते काय तर मोठी स्क्रीन, बोसचे स्पीकर, कनेक्टेड फीचर आणि असंच आणखी काही. गाणे ऐकायचा शौक असेल तर स्पीकर चांगले आहेत, नाही म्हणत नाही, पण वळणावर गाडी टाकली की स्क्रीन आठ इंची आहे का दहा इंची याने काही फरक पडत नाही. पोळ्याला शिंगं रंगवून झूल टाकली म्हणून बैल जास्त ओढत नाही, बाजारात आपण त्याचे पाय आणि खांदा पाहूनच भाव करतो.

पैशाचा हिशोब करून पाहू. ही सहा गिअरची मॅन्युअलवाली एन लाईन सप्टेंबर २०२३ ला आली तेव्हा एन-सिक्स ९ लाख ९९ हजारापासून आणि सगळ्यात वरची, ऑटोमॅटिक एन-एट, १२ लाख ४७ हजार, एक्स-शोरूम. आज भाव बदललेत, सप्टेंबर २०२५ ला चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला तेव्हा ही पण उतरली, ताजा भाव तू वर्ध्याला किंवा नागपूरला विचारून घे, पण फरकाचा हिशोब करायची पद्धत तीच राहते. तर जुन्याच भावाने धर. फरक अडीच लाखाचा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखाच्या आत ११ टक्के रोड टॅक्स आणि दहाच्या वर गेली की १२ टक्के, म्हणजे बेसला एक लाख दहा हजाराच्या आसपास आणि टॉपला दीड लाख, इथेच चाळीस हजार वाढले आणि या चाळीस हजाराचं गाडीत काहीच बसत नाही. इन्शुरन्स गाडीच्या किंमतीवर, तोही वाढला. आणि तू निम्मं लोन काढणार म्हणतोस, तर नीट समज की घरातले पैसे ठरलेले आहेत म्हणजे वाढीव अडीच लाख पूर्ण लोनवरच जाणार. साडेनऊ टक्के व्याज आणि पाच वर्ष धरली तर महिन्याला सव्वापाच हजाराचा हप्ता फक्त त्या स्क्रीन-स्पीकर आणि ऑटोमॅटिकचा, शेवटी भरून होतात तीन लाख पंधरा हजाराच्या आसपास. कृषी केंद्राचा धंदा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर जाते आणि पैसा दिवाळीनंतर कापूस-सोयाबीन निघाल्यावर येते, हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, पाऊस लांबला तरी जातो.

विकायला काढली तर काय? आपल्याकडे जुनी गाडी पाहणारा माणूस पहिले साल विचारते, मग किती किलोमीटर, कितवा मालक, कुठे ठोकली का. टॉप आहे म्हटलं की थोडं जास्त देते, पण तू दिलेला फरक काही परत देत नाही.

आता रस्त्यावर ये, कारण गाडी शेवटी तुला आर्वी-वर्धा-पुलगाव या पट्ट्यात चालवायची आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आवळून भेगा पडतात, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षात असा उंचसखल होते की ऐंशीला गाडी उडी मारते. त्यावर गावागावाला पट्टा न मारलेले गतिरोधक, रात्री कपाशी भरलेली ट्रॉली मागे लाईट नाही. इथे १२० पीएस पूर्ण वापरायला मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. मोकळा रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग, तुला विरुळचा इंटरचेंज जवळ आहे, पण तिथे कारला लिमिट १२० आणि ही गाडी त्या स्पीडला आरामात चालते, त्याच्या वर जायला तिथे कोणालाच परवानगी नाही, मग गाडी दहा लाखाची असो का दोन कोटीची. आणि मजा म्हणशील तर परतवाड्यावरून चिखलदऱ्याला चढताना जो घाट लागते ना, सकाळी सहाला, दुसरा-तिसरा गिअर, पन्नास-साठचा स्पीड, टर्बो अडीच हजार आरपीएमला भरलेला, तिथे ही छोटी गाडी अशी चालते की मोठ्या ताकदीची गाडी त्या वळणात फक्त ब्रेक मारत बसते. तिथे चढ, आंधळं वळण आणि माकडं आहेत, तेव्हा स्वतःच्या लेनमध्येच राहायचं, हे मनापासून सांगतो.

ऑटोमॅटिकवर मन जाईल, तर ते पण सांगतो. यात सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि त्याचे क्लच कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर एकदम मस्त, गिअर कधी पडला कळत नाही. पण कोरडा क्लच हळूहळू सरकण्यात तापते, हे कोणत्याही कंपनीच्या अशा गिअरबॉक्सला लागू आहे, आणि आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची लाईन लागली की अर्धा-अर्धा किलोमीटर चार चार फूट सरकत जावं लागते, एप्रिल-मेमध्ये तर वरून ४५-४६ डिग्री. शिवाय त्या उन्हात कोणतंही टर्बो इंजिन थोडं मंद पडते, आत जाणारी हवाच गरम आणि विरळ, हे गाडी बिघडली असं समजू नको. मॅन्युअलमध्ये क्लच तुझ्या पायात, गिअर तुझ्या हातात, आणि चालवायचं वेड असलेल्या माणसाने गिअर स्वतः टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हर्टसचं विचारलंस. बघ, इथे गोष्ट उलटी होते म्हणून मघाशी म्हटलं की नुसतं "बेस चांगली" असं पाठ करू नको. व्हर्टसमध्ये दोन इंजिनं, एक लिटरचं ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर आणि दीड लिटरचं १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. इथे वरच्यासाठी दिलेला पैसा इंजिनात जाते, ती दीड लिटरवाली खरंच वेगळी गाडी आहे, ओव्हरटेकला ट्रक-ट्रॉलीच्या बाजूने निघताना तो २५० चा जोर पाठीला जाणवते. तीच घ्यायची ऐपत असती तर मी तुला हो म्हटलं असतं. पण ती साडेचार मीटरची सेडान, तिच्यावर जीएसटी ४० टक्के, तेरा लाखात दीड लिटरवाली बसत नाही. आणि बजेटमध्ये बसवायला म्हणून एक लिटरवाली घेतली तर ताकद तुझ्या एन लाईनएवढीच, गाडी जड, आणि २०२२ ला आली तेव्हापासून मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. कुटुंबाला जागा पाहिजे, डिक्की पाहिजे तर गोष्ट वेगळी. तू पत्रात जागेचं एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून म्हणतो, सोडून दे.

एका जागी मात्र पैसा कधीच वाचवायचा नाही. उद्या तू दुसरी कोणती गाडी पसंत केलीस आणि तिच्या बेसला सहा एअरबॅग नसतील किंवा ईएससी नसेल, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सरळ करणारी सिस्टीम, तर तिथे बिनधास्त वरचं व्हेरिएंट घे, उधार घेऊन घे. २०२३ नंतरच्या एन लाईनमध्ये या दोन्ही गोष्टी खालपासूनच आहेत म्हणून मी इतक्या खात्रीने एन-सिक्स म्हणतोय.

मग उरलेल्या पैशाचं काय? टायर. गाडीला १९५/५५ आर-१६, म्हणजे सोळा इंची टायर येतात, ते तसेच राहू दे. तुझ्या वयाचे पोट्टे पहिले काम करतात ते म्हणजे सतरा-अठरा इंची अलॉय आणि पट्टीसारखे टायर, दिसायला भारी दिसते पण गाडी वर्ध्यापर्यंत जात नाही तर टायरच्या बाजूला फुगा येते. मी असा एक टायर रिमवरून काढताना पाहिला आहे, बाहेरून लिंबाएवढा फुगा आणि आतून दोरे तुटून लोंबत होते, आणि त्याच टायरवर ती गाडी आदल्या दिवशी समृद्धीवरून आली होती. कॉंक्रीटचा रस्ता, मे महिन्याचं ऊन, सलग स्पीड, टायर आत तापत जाते, त्यात हवा कमी असेल तर अजून जास्त तापते, टायर फुटून तिथे काय झालंय ते तू पेपरात वाचतोसच. तेव्हा पंक्चरवाल्याचा अंदाज नको, स्वतःचा प्रेशर गेज घे, आणि सकाळी गाडी थंड असताना हवा पाह, दरवाजाजवळच्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असते तोच ठेव.

आणि खरंच शिकायची इच्छा असेल तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला रेस ट्रॅक आहेत, तिथे रेसिंग शिकवणारी ट्रेनिंग स्कूलं चालतात. नागपूरहून चेन्नईला थेट रेल्वे जाते. स्पीकरच्या पैशात तू ट्रॅकवर, हेल्मेट घालून, शिकवणारा समोर असताना गाडीची हद्द पाहून येशील, ते ज्ञान कोणत्याच टॉप मॉडेलसोबत येत नाही.

बाबांच्या ठिबकचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, पण मला वाटते तेच तुला सगळ्यात जास्त टोचत असेल. हे गाडी का ठिबक असं भांडण नाहीच. एन-सिक्सवर थांबलास तर फरकाचा जो पैसा आहे त्यात निदान विहिरीजवळच्या वावराचं काम सुरू होते, ठिबकला सबसिडी पण आहे, तू कृषी केंद्रवाला, अर्ज कसा करायचा ते तुला सांगायची गरज नाही. बाबांसमोर आकडे मांड, गाडीचा आणि ठिबकचा कागद एकाच वेळी ठेव. ते नाही म्हणणार नाहीत.

टेस्ट ड्राइव्हला गेलास की शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणते, तेवढ्यावर हो म्हणू नको. त्याला म्हण भाऊ खराब रस्त्यावर घेऊ. चार जण बसव, कारण रिकाम्या गाडीचं पोट घासत नाही, भरल्यावर घासते, आणि गतिरोधकावरून तिरपी न घेता सरळ घे. सस्पेन्शन कडक आहे, मागे आईला बसवून विचार कंबरेला कसं वाटते, तिने नाही म्हटलं तर तो प्रश्न व्हेरिएंटचा नाही, मग ही गाडीच पुन्हा विचारात घे. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून ऐंशीपर्यंत खेचून पाह, रोजच्या ओव्हरटेकला हेच लागते, शून्य ते शंभर कोणी रोज करत नाही. एन-एट पण चालव, मनात राहू नये. डोळे स्क्रीनवर न ठेवता फक्त चालव आणि दोन्हीत काय फरक वाटला ते घरी येऊन कागदावर लिही.

डिलिव्हरी घेताना गाडी कोणत्या महिन्यात बनली ते पाहून घे, आणि टायरच्या बाजूला कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे पाह, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे, ३२२५ असेल तर २०२५ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायरचे वाच, स्टेपनीचा पण वाच, आणि ते सगळं झाल्यावरच चावी हातात घे.